मासा बला घेऊन मरत नाही



आपल्या घरांत एक वाक्य नेहमी ऐकू येते. फिश टँकमधला मासा सकाळी उलटा तरंगताना दिसला की दादी किंवा खाला म्हणतात, "जाऊ दे बेटा, घरावर बला येणार होती, बिचाऱ्याने ती आपल्यावर घेतली." मुलाचे रडणे थांबते. अम्मी मासा कागदात गुंडाळून टाकून देते आणि संध्याकाळी अब्बू दुकानातून दुसरा आणतात. दोन आठवड्यांत तोही जातो. माझ्या वर्गातल्या सातवीच्या एका मुलीने एका उन्हाळ्यात घरात मेलेले सात मासे मोजले होते. तिने मला विचारले, "आपा, आमच्याच घरावर इतक्या बला का येतात?"

वर्गात हशा पिकला, पण प्रश्न अगदी रास्त होता. माशाने बला घेतली असे म्हटले की तो का मेला हे कोणी विचारतच नाही. दुसऱ्याच्या नशिबातले संकट एखादा मुका जीव आपल्यावर घेतो, असे दीनने आपल्याला शिकवलेले नाही. दीनने शिकवले आहे ते वेगळेच. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत मांजर कोंडून ठेवणाऱ्या एका स्त्रीची हकीगत आहे. तिने मांजराला खायला दिले नाही आणि बाहेर सोडून त्याला आपले अन्न शोधूही दिले नाही. त्यासाठी ती गुन्हेगार ठरली. दुसरीकडे हजरत अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटे पाखरू होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्याची आपुलकीने विचारपूस करत, हेही हदीसमध्ये आले आहे. जीव पाळायला हरकत नाही. पण कोंडलेला जीव आपली गरज स्वतः भागवू शकत नाही, म्हणून ती भागवणे कोंडणाऱ्याच्या अंगावर येते. माशाच्या बाबतीत पहिली गरज म्हणजे पाणी.

त्या मुलीला मी चार गोष्टी वहीत लिहून आणायला सांगितल्या: भांडे केवढे, मासे किती, पाणी कधी बदलता आणि मासे कोणत्या वारी मेले. तिने लिहून आणले. पाच लिटरचे काचेचे गोल भांडे, त्यात तीन गोल्डफिश. दर शुक्रवारी सकाळी, जुम्याच्या तयारीआधी, सगळे पाणी फेकायचे, खडे भांड्यांच्या साबणाने घासायचे आणि नळ सोडून भांडे भरायचे. नळाला पाणी छतावरच्या टाकीतून येते. सातपैकी पाच मासे शनिवारी किंवा रविवारी मेले होते. बला कुठून येत होती ते मुलीने स्वतःच ओळखले.

पाण्यात काय घडते

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो. उरलेले दाणे कुजूनही अमोनिया होतो. हे त्याच्यासाठी विष आहे. नदीत ते वाहून जाते, काचेच्या पेटीत साचते. पण फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर काही उपयोगी जिवाणू वाढतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारी असते, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नायट्रेट वनस्पती शोषतात आणि उरलेले आपण पाणी बदलून काढतो. ही जिवाणूंची वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टँकमध्ये पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले तर ते पंधरा दिवसांत मरू लागतात. आणि खडी व स्पंज साबणाने धुतला तर जुना टँकही एका सकाळीत नवा होतो.

यासाठी तीन नियम पुरेत. आठवड्याला चौथाई पाणी बदला, सगळे कधीच नाही. स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात हलका पिळा, नळाखाली धरू नका. दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच घाला. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये सुमारे 55 लिटर पाणी मावते. लहान कुटुंबाने सुरुवात एवढ्यापासून करावी आणि त्यात गप्पी किंवा मॉली यांसारखे छोटे मासे ठेवावेत. गोल्डफिश वाढून वीतभर होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. पाच लिटरचे भांडे त्याच्यासाठी कोठडी आहे.

आपला उन्हाळा, आपले पाणी

मासे पाळण्याची पुस्तके बहुधा थंड मुलखांत लिहिलेली असतात. आपल्या कोराडीत, नागपुरात नवतप्यात पारा 45 च्या घरात जातो आणि छतावरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला पोळते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांना एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात आणि 35 अंशांना 7. गरम पाण्यात माशाला तर प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या पाण्याने बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, ते जड असते आणि बहुधा क्षारधर्मी असते. क्षारधर्मी पाण्यात अमोनियाचे विषारी रूप वाढते. सामू 7 वरून 8 झाला की अमोनियातला विषारी वाटा सुमारे दहापट होतो. उष्णतेने तो आणखी वाढतो. त्यामुळे जे घाण पाणी डिसेंबरमध्ये माशाने सोसले, तेच मे महिन्यात त्याला मारते. जड पाणी गप्पी, मॉली आणि गोल्डफिश यांना चालते. निऑन टेट्रासारख्या नाजूक माशांचा हट्ट आपल्या भागात धरू नये. नुसते आरओचे पाणीही घालू नये, कारण त्यात माशाला लागणारे क्षार जवळजवळ उरत नाहीत.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. आपल्यासाठी ते जंतुनाशक, माशाच्या कल्ल्यांसाठी जळजळीत. बादली भरून उघडी, सावलीत चोवीस तास ठेवली की क्लोरीन बहुतेक उडून जाते आणि पाणी घराच्या तापमानालाही येते. घाई असेल तर दुकानात मिळणाऱ्या अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला.

उन्हाळ्यात टँकचे झाकण काढून वर जाळी ठेवा आणि टेबल फॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. माठ ज्या युक्तीने गार होतो तीच ही युक्ती. पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याच्या जागी मुरवलेले पाणी घालत राहा. बर्फाचे तुकडे थेट टाकू नका, एकदम बदललेले तापमानही माशाला आजारी करते. फारच गरज पडली तर झाकण घट्ट लावलेली थंड पाण्याची बाटली थोडा वेळ तरंगत ठेवा.

आमच्या गावात 660 मेगावॅटचे तीन संच वीज तयार करतात, तरी वादळी संध्याकाळी दिव्याखाली अंधार होतोच. फिल्टर बंद पडला तर मगभर पाणी काढून वरून धार धरून परत ओता, पाच-दहा मिनिटे. दर अर्ध्या तासाने हे करायला मुलांना सांगा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असेल तर उत्तम. वीज नसताना दाणे घालू नका.

फजरची वेळ

टँक पाहण्याची सर्वांत चांगली वेळ फजरची. दिवसा उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात, पण रात्री त्या आणि मासे दोघेही तो घेतात. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. नमाजसाठी उठल्यावर एक नजर टाका. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत असतील, कल्ले भरभर हलत असतील, तर औषधाची बाटली शोधू नका. एअर पंप चालू करा, चौथाई पाणी बदला, एक दिवस खाणे बंद ठेवा. अनेकदा एवढ्यानेच मासा संध्याकाळपर्यंत खाली उतरून फिरू लागतो.

याशिवाय परख अशा खुणांची:

अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि मासा खडीला अंग घासतो. हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. आपल्याकडे तो हिवाळ्यात जास्त दिसतो, जेव्हा रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि टँकचे पाणी दिवसरात्र वरखाली होते. परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती पुन्हा मासा शोधतात. औषध लागू पडते ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवायचा नाही, पुढे आठवडाभर चालू ठेवायचा.

शेपटी आणि पर कडेने कुरतडल्यासारखे, कडा पांढुरक्या. हे बहुधा घाण पाण्यातले जिवाणू करतात. सुरुवातीला आढळले तर दोन-तीन दिवसांआड चौथाई पाणी बदलल्याने पर पुन्हा वाढतात.

जखमेवर कापसासारखा पुंजका. ही बुरशी असते आणि आधी झालेल्या जखमेवर बसते. जखम कशाने झाली ते पाहा: धारदार दगड की भांडखोर सोबती.

गोल्डफिश उलटा किंवा तिरका तरंगतो, पण डोळे तरतरीत. बहुतेक वेळा जास्त खाण्याचा परिणाम. दोन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटार चिमूटभर.

पोट फुगलेले आणि खवले अननसासारखे उभे. यात आतले अवयव निकामी झालेले असतात. तो क्वचितच वाचतो. त्याला वेगळ्या, शांत, मंद उजेडाच्या भांड्यात ठेवा आणि बाकीच्यांचे पाणी सुधारा.

आजाऱ्याची वेगळी खोली

प्रत्येक मासेवाल्या घरात एक रिकामा प्लास्टिकचा टब असावा, ज्याला कधीच साबण लागलेला नाही. दहा-पंधरा लिटर मुरवलेले पाणी, एअर पंपची नळी, लपायला एक मातीची कुंडी. झाला दवाखाना. मुख्य टँकमध्ये औषध ओतले तर उपयोगी जिवाणू मरतात, गोगलगायी मरतात, वनस्पती काळवंडतात. टबात रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, कारण तिथे फिल्टर नाही.

पांढऱ्या ठिपक्यांसाठी साधे खडे मीठ पुष्कळदा पुरते. पहिल्या दिवशी 10 लिटर पाण्याला 10 ग्रॅम मीठ वेगळ्या मगात विरघळवून हळूहळू घाला, दुसऱ्या दिवशी आणखी तेवढेच, पुढे वाढवू नका. जेवढे पाणी बदलाल तेवढ्यापुरतेच मीठ पुन्हा घाला. मिशीवाल्या माशांना मीठ सोसत नाही, त्यांच्यासाठी दुकानदारापेक्षा जाणकाराला विचारा. या रोगात सगळेच मासे टबात हलवावेत. मुख्य टँक फिल्टर चालू ठेवून दोन आठवडे माशांविना राहू द्या. यजमान न मिळाल्याने परजीवी कोमट पाण्यात संपतो आणि वनस्पतींना मिठाचा त्रासही होत नाही.

निळे औषध म्हणजे मिथिलिन ब्लू. ते बुरशीवर उपयोगी आहे, पण टबातच वापरा. हिरवे मॅलाकाइट ग्रीन माणसालाही घातक आहे, ते मुलांच्या हाती देऊ नका. आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याचा उद्योग मुळीच करू नका. त्याने मासा बरा होण्याची खात्री नाही, पण फिल्टरची वसाहत मरते आणि औषधाला न जुमानणारे जंतू घरात वाढतात. शंका असेल तेव्हा पशुवैद्यकाला विचारा. नागपुरात तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. या विषयात शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींनी ते नाव लक्षात ठेवावे.

हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका, पाणी उपसताना नळी तोंडाने ओढू नका. माशांच्या पाण्यातला एक जिवाणू माणसाच्या कातडीला चिवट गाठी आणतो. उलट बाजूनेही काळजी घ्या. अत्तर, क्रीम, साबण लागलेला हात पाण्यात नको. डास मारण्याची फवारणी माशांसाठी फार विषारी असते आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. फवारताना टँक कापडाने झाका, पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा, खिडक्या उघडून हवा खेळू द्या. लोबान जाळायचा तर दुसऱ्या खोलीत.

वनस्पतींची तब्येत

शाळेत हायड्रिलावर उलटे नरसाळे ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवतात, तो प्रयोग आठवतो ना? तीच हायड्रिला टँकमध्ये अमोनिया आणि नायट्रेट शोषून पाणी सांभाळते. ती स्वस्त आहे आणि आपल्या हवामानाला सरावलेली आहे. पण वनस्पती आजारी पडली आणि पाने कुजू लागली, की तीच अमोनियाचे कारण होते. पिवळे, मऊ पडलेले पान दिसताच कात्रीने काढा.

नवी आणलेली वनस्पती पहिल्या पंधरवड्यात पाने गाळते. रोपवाटिकेत ती पुष्कळदा पाण्याबाहेर वाढवलेली असते. नवा कोंब फुटत असेल तर थांबा, उपटू नका. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे खोड खडीत पुरले तर सडते, त्यांना दगडाला दोऱ्याने बांधा. जुनी पाने पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी, जुन्या पानांना भोके पडत असतील तर पोटॅशियम, कोवळी पाने फिकट येत असतील तर लोह कमी असे साधारण समजावे. तरी शेतातला युरिया किंवा डीएपी चिमूटभरही टाकू नका, त्याचा अमोनिया होतो. टँकसाठीचे खत मिळते, ते निम्म्या मात्रेने सुरू करा. दुकानात बांबूसारखी काही जमिनीवरची रोपेही पाण्यात उभी करून विकतात. ती महिनाभर हिरवी दिसतात आणि मग सडतात.

काचेवर हिरवे शेवाळ वाढले तर दोष खिडकीच्या उन्हाचा आणि जास्त दाण्यांचा. दिवा रोज सात-आठ तासच लावा. औषधांची गरज पडत नाही.

बदलताना काढलेले पाणी गटारात ओतू नका. वुजूला लागणारे पाणीही जपून वापरायला शिकवलेली आपण माणसे. हे पाणी मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला खतासारखे लागू पडते. फक्त मीठ किंवा औषध घातलेले पाणी झाडांना नको.

तलाव म्हणजे सुटका नव्हे

कंटाळा आला की काही जण मासे कोराडीच्या किंवा दुसऱ्या तलावात सोडतात आणि सवाब मिळाला असे समजतात. टँकमधले बहुतेक मासे तिथे उपाशी मरतात किंवा खाल्ले जातात. जे तगतात ते जास्त नुकसान करतात. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा काळपट सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो फूटभराहून मोठा होतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि केरळच्या पाण्यात तो पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी मासेमारांची जाळी फाटतात आणि स्थानिक माशांची जागा जाते. जलपर्णीही शोभेची म्हणूनच भारतात आली. नागपूरकरांनी अंबाझरी तलावावर तिचा गालिचा पाहिला आहे. नको असलेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. आजारी मासा तर तलावात मुळीच नको, त्याचा रोग तिथल्या माशांना लागतो.

मुलांच्या हाती एक वही

एवढे करूनही काही मासे मरतील. तेव्हा मुलाच्या नकळत तसाच दुसरा मासा आणून ठेवू नका. मूल ओळखते आणि एक जीव गेला तर दुकानात दुसरा मिळतो एवढेच शिकते. कुंडीच्या मातीत खोलवर पुरू द्या, रडायचे तर रडू द्या. 'बला टळली' म्हणून त्याची समजूत घालू नका. त्याच दिवशी त्याच्याबरोबर बसून विचारा: पाणी शेवटचे कधी बदलले? किती बदलले? दाणे कोणी घातले? वीज कधी गेली होती? नवा मासा दोन आठवडे टबात वेगळा ठेवला होता का?

यासाठी टँकजवळ एक पातळ वही आणि दहा-वीस ओळींची आखणी पुरे. तारीख, पाण्याचे तापमान, पाणी बदलले का, खाल्ले का, काही वेगळे दिसले का. दादींनाही त्या वहीत लिहायला लावा, कारण दिवसभर टँकसमोर त्याच बसलेल्या असतात आणि मासा सुस्त झाला हे सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येते.